चिमणी डॉट लोकल

माझं ब्रेकअप हप्त्याहप्त्यानं झालं. माणूस गेला २०२३च्या दिवाळीच्या जरा आधी. त्याची पुस्तकं गेली जानेवारीत, दोन खोक्यांतून. त्याचं नेटफ्लिक्स माझ्याकडे मार्चपर्यंत चाललं (त्याला वाटत असणार मी ते वापरत नाही, आणि मी त्याला तसं वाटू दिलं). शेवटचा हप्ता मात्र माझ्या लॅपटॉपमध्ये दडून बसला होता. तो फेडायला २०२४चा ऑक्टोबर उजाडला.

लॅपटॉप माझा. पैसे माझे, ईएमआयही माझाच. पण त्याच्या पोटात काय काय आहे, हे फक्त ‘त्याला’ ठाऊक. मी मास कॉमवाली. मुलाखत घे म्हणा, कॉपी लिही म्हणा, रात्री दोनला हेडलाइन बदल म्हणा, सगळं करीन. पण काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं धावायला लागली की माझा दहावीचा भूमितीचा पेपर होतो. तो हिंजवडीतला. एका रविवारी सकाळी, पोह्यांची बशी मांडीवर ठेवून, त्यानं माझ्या मॅकवर मॅकपोर्ट्स टाकून दिलं होतं. ‘हे असू दे, कधीतरी लागेल,’ म्हणाला होता. ते काय असतं हेही सांगितलं होतं. मी ‘हं’ म्हटलं होतं.

ते काय असतं, हे आता माझ्या भाषेत सांगते. जगात फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर ढिगानं पडलंय. पण एखादं हवं असेल तर त्याला आधी दुसरी पाच लागतात, त्या पाचांना आणखी पंचवीस. ही सगळी वरात जमवून, कोण आधी कोण नंतर ते बघून, नीट बसवून देणारा जो कारभारी, तो पॅकेज मॅनेजर. मॅकवर असे दोन कारभारी जास्त प्रसिद्ध. एक हे मॅकपोर्ट्स, २००२ साली डार्विनपोर्ट्स नावानं सुरू झालेलं. दुसरं होमब्रू, मॅक्स हॉवेलनं २००९ साली काढलेलं. दोन्हीकडच्या भक्तमंडळींत जे वाद चालतात, त्यापुढे आपले पुणे-मुंबई वाद म्हणजे बालवाडी. आमचं घराणं मॅकपोर्ट्सचं. म्हणजे त्याचं होतं, मला लग्नाआधीच सासरचं मिळालं.

तर ऑक्टोबरातला तो गुरुवार. शुक्रवारी दुपारी बाराला एक स्टोरी द्यायची होती. सदाशिव पेठेतल्या ८२ वर्षांच्या एका आजींची मुलाखत. आजींनी आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून नोकरी केलेली. ट्रंक कॉल, ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, हे शब्द ज्यांच्या तोंडात अजून सहज येतात अशी बाई. एक तास पन्नास मिनिटं बोलल्या, आणि काय बोलल्या! फक्त मी शहाणीनं रेकॉर्डर नेमका पंख्याखाली ठेवला होता. घरी येऊन ऐकलं तर आधी पंखा, मग पंखा, आणि पंख्याच्या मागे कुठेतरी आजी.

फ्रीलान्सरला एक स्टोरी चुकली तर काय होतं, हे पगारदार वाचकांना सांगायला हवं. ओरडा बसत नाही. काहीच होत नाही. पुढचा फोन येत नाही, एवढंच. हे मासिक नवीन होतं, पहिलंच काम होतं, आणि घरभाडं पाच तारखेला जुनंच होतं.

पंख्याची घरघर काढायला सॉक्स नावाचा प्रोग्रॅम आहे. पायात घालायचे नव्हेत, ‘साउंड एक्स्चेंज’चं ते लघुरूप. (हो, एक्स्चेंज. मलाही नंतर हसू आलं.) रेकॉर्डिंगमधला नुसत्या घरघरीचा एखाददुसरा सेकंद त्याला द्यायचा. तो घरघर ओळखून घेतो आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमधून ती कमी करतो. हे मला माहीत होतं, कारण एकदा त्यानं माझ्यासाठी ते केलं होतं. सॉक्स मॅकपोर्ट्समधून मिळतं, हेही आठवत होतं.

रात्री साडेअकरा. टर्मिनल उघडलं. मॅकपोर्ट्सनं आधी कुरकुर केली की तुमची यादी दोन आठवड्यांहून जुनी आहे, आधी सेल्फअपडेट करा. दोन आठवडे? बाबा रे, वर्ष झालं. मी आज्ञाधारकपणे ‘सुडो पोर्ट सेल्फअपडेट’ टाइप केलं. हा कारभारी स्वतःला अपडेट करतो तेव्हा तयार वस्तू आणून ठेवत नाही. स्वतःची नवी आवृत्ती कच्च्या स्वरूपात, सोर्स कोड म्हणून उतरवून घेतो आणि तुमच्याच मशीनवर ती बांधतो. त्या बांधकामाला गवंडी लागतो. हा गवंडी म्हणजे कंपायलर, माणसानं लिहिलेल्या कोडचा मशीनला चालणारा प्रोग्रॅम करणारा. माझ्याकडे गवंडी आहे हे मला माहीत नव्हतं. तो संपावर आहे हे तर मुळीच नाही.

स्क्रीनवर आलं, नवीन मॅकपोर्ट्स बसवता आलं नाही, तपशील हवा असेल तर बडबडा पर्याय लावून पुन्हा चालवा. पुन्हा चालवलं. ‘चेकिंग’, ‘चेकिंग’ म्हणत काही ओळी पळाल्या आणि शेवटी हे: सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स.

म्हणजे गवंडी विटा लावू शकत नाही. का? ते नाही. बरं, मग मी काय करू? तेही नाही. खाली एक ओळ होती की जास्त माहितीसाठी कॉन्फिग डॉट लॉग बघा. ती मी वाचलीच नाही. टर्म्स अँड कंडिशन्स आपण जशा वाचतो, तशी.

पुढचे दोन तास मी जे केलं त्याला इंग्रजीत ट्रबलशूटिंग म्हणतात आणि मराठीत चाचपडणं. कुठेतरी वाचलं होतं की मॅकवर ‘कमांड लाइन टूल्स’ लागतात, म्हणून ती मागवली. उत्तर आलं, ती आधीच आहेत. मग सीसीच्या जागी जीसीसी हा कंपायलर वापर असं सांगून पाहिलं. ढिम्म. (मॅकवर नुसतं जीसीसी म्हटलं की उठतो तो क्लँगच. जीसीसीचं नाव लावून बसलेला दुसराच गडी. १९८७ साली रिचर्ड स्टॉलमननं जगापुढे आणलेलं खरं जीसीसी ॲपलनं केव्हाच घराबाहेर काढलंय.) मग ॲपलचं ते अवाढव्य एक्सकोड उडवून पुन्हा डाउनलोड करायला निघाले. कित्येक जीबी! आमच्या फ्लॅटचं वायफाय बघता ते रविवारी उतरलं असतं. नशीब, उडवायच्या बटणावर बोट असतानाच थांबले.

फोन हातात घेतला. त्याचा नंबर डिलीट केला होता, पण पाठ होता. पावणेदोन वाजले होते. तो जागा असणार हेही माहीत होतं. ‘हाय, एक छोटंसं काम होतं’, एवढं टाइप झालं. खोटं कशाला बोलू, काम निमित्त होतं असंही मनात येऊन गेलं. वर्षभरात एकदाही मेसेज न केल्याचा माझा रेकॉर्ड होता, आणि तो एका कंपायलरपायी मोडणार होता.

तेवढ्यात गौरी पाणी प्यायला उठली. गौरी माझी रूममेट, एका आयटी कंपनीत टेस्टर. लोकांच्या चुका शोधायचे पैसे घेते आणि घरी ते काम फुकट करते. तिनं माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघितला. मग फोन बघितला. फोनबद्दल काही बोलली नाही.

‘लॉग बघितलास का?’

‘कुठला?’

‘अगं, लिहिलंय ना तिथे. शेवटची ओळ नुसता निकाल सांगते. कारण वर असतं.’ आणि गेली झोपायला. चांगली मैत्रीण म्हणजे काय, तर जी तुमच्या हातातून माउस ओढून घेत नाही.

लॉग म्हणजे ती फाइल सापडायलाच दहा मिनिटं गेली, ऑप्टच्या पोटात लोकल, त्याच्या पोटात आणखी सात-आठ फोल्डर, अशा आडगावी ती राहते. उघडली आणि पहिल्यांदा नेहमीची चूक केली. एकदम तळाशी गेले. तळाशी नुसता ढीगभर नावांचा बाजार असतो, कुठल्या गोष्टीची काय किंमत धरली याची यादी. त्यातून काही कळत नाही. तळापासून हळूहळू वर सरकत ‘एरर’ शब्द गाठायचा आणि त्याच्या वरच्या ओळी वाचायच्या, ही अक्कल मला अडीच वाजता आली.

पण त्याआधी चुकून मी एकदम वर गेले. फाइलच्या सुरुवातीला मशीनची ओळख लिहिलेली असते. कुठली सिस्टीम, कुठलं प्रोसेसर, आणि मशीनचं नाव. होस्टनेम. तिथे लिहिलं होतं: चिमणी डॉट लोकल.

तो मला चिमणी म्हणायचा. अखंड चिवचिव म्हणून. लॅपटॉप सेट करताना ‘नाव काय देऊ?’ असं त्यानं विचारलं असेल, मी ‘काहीपण दे’ म्हटलं असेल. वर्षभर मी या मशीनवर काम करत होते, आणि वर्षभर हे मशीन स्वतःला चिमणी म्हणवून घेत होतं. मला पत्ताच नाही. रात्री अडीच वाजता, टेक्स्ट फाइलच्या वरच्या कोपऱ्यात ते भेटलं. पुस्तकं परत देताना इतकं नव्हतं झालं. दहा मिनिटं मी नुसती बसून होते. पंखा फिरत होता. माझा, आजींचा नव्हे.

मग नाक पुसलं आणि खाली सरकले.

हे जे ‘चेकिंग, चेकिंग’ चाललेलं असतं ना, ती कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट. वेगवेगळ्या मशीनवर वेगवेगळ्या गोष्टी असतात, म्हणून बांधकामाआधी ती घरभर फिरून बघते, हे आहे का, ते आहे का. अशा स्क्रिप्टा आपोआप लिहून देणारं ऑटोकॉन्फ हे हत्यार डेव्हिड मॅकेंझीनं १९९१मध्ये लिहायला घेतलं. तेव्हापासून अर्ध्या जगाचं सॉफ्टवेअर असंच दारोदार चौकशी करत बसतं. कंपायलर चालतो का, हे बघायची तिची पद्धत अगदी साधी आहे. ती एक इवलासा प्रोग्रॅम लिहिते, जो काहीही करत नाही. सुरू होतो आणि संपतो. तो कंपायलरला देते. तयार झाला तर ‘येस’, नाही झाला तर ‘नो’. कंपायलर ‘नो’ का म्हणाला, हे स्क्रीनवर ती सांगत नाही. पण लिहून मात्र ठेवते, त्याच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द. आणि तो शब्द असा होता की तुम्ही एक्सकोडचा परवाना करार मान्य केलेला नाही. सुडो एक्सकोडबिल्ड लायसन्स ही आज्ञा द्या आणि मान्य करा.

एकदा नाही, पुन्हा पुन्हा लिहिलं होतं. कॉन्फिगरनं कंपायलरला आधी त्याची आवृत्ती विचारली होती, तेव्हा तो हेच म्हणाला होता. दुसऱ्या तऱ्हेनं विचारली, पुन्हा हेच. बिचारा घसा फोडून सांगत होता की मी धडधाकट आहे, फक्त मालकिणीनं सही केलेली नाही! आणि कॉन्फिगरनं मला येऊन काय सांगितलं? गवंड्याला विटा लावता येत नाहीत.

झालं होतं असं. सप्टेंबरात एक्सकोड पंधरावरून सोळावर गेलं. ॲप स्टोअरनं ते मला न विचारता रात्रीतून केलं. नव्या एक्सकोडबरोबर नवा करार आला, आणि त्यावर ‘अॅग्री’ म्हणेपर्यंत आतला कंपायलर कामाला हात लावत नाही. मी एक्सकोड कधी उघडतच नाही, तर तो प्रश्न मला विचारणार कोण?

पण कमांड लाइन टूल्स तर होती, मग ती का नाही चालली? हे कोडं मला आजींनी सोडवून दिलं. मुलाखतीत त्या म्हणाल्या होत्या, ‘अगं, तुम्हाला वाटायचं फोन उचलला की मुंबई. मध्ये आम्ही बसलेल्या असायचो.’ मॅकवर सीसी, क्लँग, मेक, गिट या नावांच्या जागी खरे प्रोग्रॅम नसतातच. तिथे ऑपरेटर बसलेली असते. तुम्ही सीसी मागितलं की ती बघते, सध्या कुठल्या बोर्डाला जोडायचं ठरलंय, आणि तिथला खरा कंपायलर जोडून देते. असे दोन बोर्ड, एक एक्सकोडच्या आतला, दुसरा सुट्या कमांड लाइन टूल्सचा. ‘एक्सकोड-सिलेक्ट’ला उणे पी लावून विचारलं की सध्याचा बोर्ड कळतो. माझा होता एक्सकोडचा. त्यानंच तसा लावून ठेवला असणार. म्हणजे दुसरा बोर्ड शेजारी रिकामा, चालू, आणि ऑपरेटर माझा प्रत्येक कॉल बंद बोर्डाकडे पाठवतेय.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट पुढेच. मी टर्मिनलमध्ये नुसतं ‘क्लँग’ लिहून त्याची आवृत्ती विचारली असती, तर हेच वाक्य सेकंदात समोर आलं असतं. मध्यस्थाला विचारत बसले म्हणून अडीच तास गेले.

मध्यस्थ दरवेळी खोटं बोलतो असं नाही, पण त्याचा ‘नो’ जरा तपासूनच घ्यावा. २०२०मध्ये एक्सकोड बारा आलं तेव्हा त्यातला क्लँग कडक झाला. जाहीर न केलेलं फंक्शन वापरलं की नुसती तंबी द्यायच्याऐवजी सरळ चूक धरायला लागला. आता कितीतरी जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टांचे ते इवलेसे चाचणी प्रोग्रॅमच ढिसाळ लिहिलेले होते. ते नापास झाले आणि स्क्रिप्टांनी निष्कर्ष काढला की या मशीनवर अमुक सोय नाहीच. सोय होती. प्रश्नपत्रिकाच चुकलेली होती. हा प्रकार जास्त वाईट, कारण तिथे लाल एररही येत नाही. बांधकाम पुढे जातं आणि भलत्याच ठिकाणी कोसळतं.

माझ्याकडे तरी एरर होता. सुडो एक्सकोडबिल्ड लायसन्स. पासवर्ड. मग पानंच्या पानं करार. स्पेसबार दाबत दाबत खाली जायचं. शेवटी विचारतं, ‘अॅग्री’, ‘प्रिंट’ की ‘कॅन्सल’? टाइप केलं ‘अॅग्री’. न वाचता. (या सगळ्यातून मी काहीही शिकले नाही, हे इथे कबूल करते.)

पुन्हा सेल्फअपडेट. पुन्हा ‘चेकिंग’. कंपायलर चालतो का? येस. ती ‘येस’ बघून मी जी टाळी वाजवली तिनं गौरी पुन्हा उठली असणार, पण आली नाही. काही मिनिटांत नवं मॅकपोर्ट्स बसलं. जुनं मधल्या वेळात जसंच्या तसं होतं, हेही तेव्हा कळलं. कॉन्फिगर पहिल्याच पायरीवर थांबलं होतं, त्यामुळे मोडतोड काहीच झाली नव्हती. मी मात्र दोन तास ‘सगळं उडवलं मी’ म्हणून रडकुंडीला आले होते. मग सॉक्स. मग घरघर वेगळी काढली. जरा जास्तच काढली, तर आजी पाण्याखालून बोलल्यासारख्या ऐकू यायला लागल्या. थोडी परत सोडली. आणि सव्वातीनला, स्वच्छ, आजी: ‘लाइन का लागत नाही ते गिऱ्हाइकाला सांगत बसायला वेळ नसायचा गं. आम्हाला ठाऊक असायचं. आम्ही लिहून ठेवायचो.’

मी ते वाक्य तीनदा ऐकलं. मग स्टोरीचं ओपनिंग तेच केलं.

बाराला सात मिनिटं असताना मेल गेली. पुढच्या महिन्यात त्याच मासिकातून पुन्हा फोन आला. त्या रात्रीचा अर्धवट मेसेज तसाच राहिला होता, तो सकाळी एकेक अक्षर करत खोडला. होस्टनेमही बदलायला गेले. सेटिंग्जमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. जुनं नाव पुसलं, नवं सुचेना. आडनाव टाकून बघितलं, ते सरकारी वाटलं. ‘चिऊ’ टाकलं, मग स्वतःचाच राग आला. शेवटी कॅन्सल केलं. मशीन अजून चिमणीच आहे. चिवचिव माझीच होती ना, नाव दुसऱ्यानं ठेवलं म्हणून काय झालं.

परवा गौरीच्या ऑफिसातल्या एका मुलाला माझा नंबर देण्यात आला. ‘हिला येतं ते’, अशी ओळख. त्याचंही तेच वाक्य, सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स. मी लगेच परवाना म्हणणार होते, पण थांबले. हे एकच वाक्य दहा दुखण्यांना येतं. मॅकओएस नवी टाकल्यावर कमांड लाइन टूल्स नाहीशी झालेली असतात आणि बोर्डाचा पत्ता रिकाम्या जागी जातो, तेव्हा येतं. कधीकाळी कुणाच्या सांगण्यावरून कंपायलरसाठी काही फ्लॅग्ज कायमचे लावून ठेवलेले असतात आणि त्यातला रस्ता आता अस्तित्वातच नसतो, तेव्हा येतं. डिस्क गच्च भरली तरी येतं! प्रत्येकाला औषध वेगळं.

म्हणून मी त्याला लिहिलं, कॉन्फिग डॉट लॉग पाठव.

त्यानं स्क्रीनचा फोटो काढून पाठवला. शेवटच्या ओळीचा.